कैद कोणी राखायची?

कैदी राखणे हे धाराशिव जिल्ह्यात फार काळ कोणाचेच स्वतःचे काम नव्हते. किल्ल्यातल्या शिबंदीचा माणूस ते करी, गावात महार करी, देणेकऱ्याच्या दारी बसलेला अरब करी, पुढे कचेरीचा शिपाई आणि पोलीस करू लागले, आणि मोठ्या तुरुंगांत तर कैदीच कैद्यांवर नेमले गेले. यांतल्या प्रत्येकाचे खरे काम निराळे होते आणि कैद राखणे त्याला चिकटलेले होते. तुरुंगातले जे जाच आपण एखाद्या क्रूर दारोग्याच्या किंवा जुलमी राजवटीच्या माथी मारतो, त्यांतला मोठा भाग या एका गोष्टीतून आला आहे, असे माझे म्हणणे आहे. दुसऱ्या कामासाठी नेमलेल्या माणसाच्या हाती कैदी दिला की तो कैदी त्या दुसऱ्या कामाचे साधन बनतो. शिबंदीच्या हाती तो ओलीस होतो, वसुलीदाराच्या हाती तारण होतो, तपास करणाऱ्याच्या हाती कबुलीजबाबाचा कच्चा माल होतो. ज्याचे काम फक्त कैद राखणे आहे, ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो आणि त्याच कामाचा जाब द्यावा लागतो, असा माणूस या भागात उशिरा आला, आणि आजही तो पुरता आलेला नाही. त्याच्या येण्याचा, आणि न येण्याचा, हा इतिहास आहे.

नळदुर्ग आणि परंडा हे जिल्ह्यातले दोन मोठे भुईकोट. दोन्ही ठिकाणी दख्खनी सुलतानांच्या, मग मोगलांच्या आणि अखेर हैदराबादच्या निजामाच्या राजवटी आल्या नि गेल्या, पण कैदेच्या बाबतीत या सगळ्यांचा विचार एकच होता. तटबंदी आधीच उभी आहे, दरवाजावर पहारा आधीच आहे, तेव्हा ज्याला कोंडायचे त्याला किल्ल्यात पाठवावे. मराठी राज्यातही हीच रीत होती. पेशवे दप्तरातले कागद पाहिले तर कैदी कोणत्या किल्ल्यावर पाठवायचा, बेडी घालायची की मोकळा ठेवायचा, पोटाला काय द्यायचे, याच्या सूचना किल्ल्याच्या कारभाऱ्यांना लिहिलेल्या सापडतात. सखारामबापू बोकिलांसारख्या मातब्बर कारभाऱ्याचेही अखेरचे दिवस किल्ल्यावरच्या कैदेत गेले. पण किल्ला मातब्बरांसाठी होता. तिथला कैदी म्हणजे राजकारणातली एक सोंगटी. तो जिवंत राहावा की मरावा, कोणाला भेटावा की भेटू नये, हे दरबारातल्या वाऱ्यावर ठरे, आणि किल्लेदाराची नजर कैद्यापेक्षा त्या वाऱ्यावर असे. यात किल्लेदाराचा दुष्टपणा शोधायला नको. किल्ला राखण्यासाठी त्याची नेमणूक होती, आणि किल्ला कोणाच्या बाजूने राखायचा हे उद्या बदलू शकत होते.

साधा चोर, भांडखोर, सारा थकवलेला कुणबी किल्ल्यापर्यंत पोचतच नसे. त्याला गावच्या चावडीत किंवा देशमुखाच्या गढीत अडकवत. तिथे भिंतीपेक्षा खोड्याचा भरवसा मोठा. जड लाकडाच्या दोन फळ्यांच्या भोकांत पाय अडकवले की दाराला कडी नसली तरी चाले. पाटलाच्या हुकुमाने हे सगळे होई आणि राखणीला बसे तो महार. चोरीचा माग काढणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, सारा घेऊन जाणाऱ्याच्या सोबतीला जाणे, मेलेले जनावर ओढणे आणि पकडलेल्या माणसावर जागणे, ही सगळी कामे त्याच्या वतनात एकत्र बांधलेली होती. त्याबद्दल थोडी इनाम जमीन आणि बलुते. ज्याला गावात स्वतःलाच मोकळेपणाने वावरता येत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचे स्वातंत्र्य राखायला द्यायचे, ही गोष्ट शतकानुशतके कोणाला विचित्र वाटली नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्या परिषदेकडे अस्पृश्यतेच्या लढ्यातला एक टप्पा म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण वतनाचा प्रश्न राज्यकारभाराचाही होता. गावातली पोलिसी, पहारा आणि कैद राज्याने जातीवर टाकून दिलेली होती, आणि जातीवर टाकलेल्या कामाला पगार, प्रशिक्षण आणि जाबदारी यांतले काहीच लागत नव्हते. वतनाच्या गुलामीवर आंबेडकरांनी जो घाव घातला, तो राज्याच्या या फुकट्या सोयीवरही होता.

इथे पुण्याचे एक उदाहरण घेतले पाहिजे. १७९१ च्या ऑगस्टअखेर पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याच्या माणसांनी काही तैलंग ब्राह्मणांना पकडून एका कोंदट जागेत कोंडले. सकाळपर्यंत त्यांतले वीसेक गुदमरून मेले. शहर खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. घाशीरामाच्या दुष्टपणाच्या गोष्टी महाराष्ट्राने दोनशे वर्षे सांगितल्या, त्यावर नाटकही गाजले. मला त्या रात्रीतला दुसराच प्रश्न छळतो. दाराशी माणसे होती. आतून हाका आल्या असतील, दार ठोठावले गेले असेल. तरी दार उघडण्याचा अधिकार आपला आहे असे बाहेरच्या कोणाला वाटले नाही, कारण ती कोतवालाची माणसे होती, कोठडीची नव्हती. आत कोंडलेल्यांच्या जिवाची जोखीम कोणाच्याच नावावर लिहिलेली नव्हती, म्हणून ती मेल्यावर सगळीच्या सगळी घाशीरामाच्या नावावर लिहिली गेली.

निजामाच्या मुलखात याहून वेगळी एक रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद राज्याची तिजोरी रिकामी होती आणि राज्य सावकारांवर चाले. अरब जमादार तिथे एकाच वेळी फौजेचे नायक, सावकार आणि वसुलीदार होते. देणेकऱ्याच्या दारात माणूस बसवणे, त्याचे अन्नपाणी अडवणे आणि तरीही पैसे निघाले नाहीत तर त्याला आपल्या ठाण्यात नेऊन कोंडणे, हे ते स्वतःच्या हिमतीवर करत. राज्याच्या न्यायाधीशाला त्यात जागा नव्हती. सालारजंगाने दिवाण झाल्यावर पहिल्या काही वर्षांत ज्या गोष्टींना हात घातला, त्यांत अरबांची ही खासगी हुकमत मोडणे हे एक होते. आता कोणी म्हणेल की खासगी कैद आणि सरकारी तुरुंग यांची तुलनाच चुकीची आहे, एक गुन्हा आहे नि दुसरा कायदा. पण त्या काळच्या देणेकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याला कोंडणारा माणूस कोणाचा नोकर आहे, हा त्याच्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न होता. सावकाराचा नोकर असेल तर सुटकेचा एकच रस्ता, पैसा. भिंत सरकारी असो की खासगी, ही गोष्ट तशीच राहते, आणि आजच्या तुरुंगात भेटीसाठी, विडीसाठी, बऱ्या जागेसाठी पैसे मोजावे लागल्याच्या तक्रारी येतात तेव्हा तोच जुना वसुलीदार दाराशी उभा असतो.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. फौजेच्या थकलेल्या खर्चाची ती भरपाई होती. नळदुर्गला कारभारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या १८३९ च्या कादंबरीने तो इंग्लंडात आधीच गाजलेला होता, आणि हा मुलूखही त्याला नवा नव्हता. तरुणपणी निजामाच्या नोकरीत पोलिसी कामावर असताना तो तुळजापूरकडे राहिलेला होता, आणि पुढे १८६३ मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरच आहे. टेलर कष्टाळू आणि लोकांत मिसळणारा अधिकारी होता, यात शंका नाही. जमीनमोजणी, रस्ते, पोलीस, न्याय सगळे त्याने अंगावर घेतले. पण अडचण नेमकी तिथेच आहे. वसूल करणारा, पकडणारा, न्याय देणारा आणि कोंडणारा हात एकच. कंपनी सरकारने नव्या मुलखात सगळीकडे हीच व्यवस्था बसवली, कारण ती स्वस्त होती. १८५७ मध्ये टेलर वऱ्हाडात गेला, १८६० च्या तहाने धाराशिवचा मुलूख निजामाकडे परतला, आणि १८६५ पासून सालारजंगाच्या जिलाबंदीने जिल्हे आखले गेले तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणीही हा साचा कायम राहिला. जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले ते विसाव्या शतकाच्या आरंभी.

या साच्यात कैदेची उतरंड अशी होती. तालुक्याच्या कचेरीला लागून एक-दोन कोठड्या, जिल्ह्याच्या ठिकाणी छोटा तुरुंग, आणि लांब शिक्षा असेल तर गुलबर्ग्याचा मध्यवर्ती तुरुंग, कारण जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. यातली तालुक्याची कोठडी सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची. पकडलेला प्रत्येक माणूस आधी तिथेच जाई. बहुतेकांची कैद तिथेच सुरू होऊन तिथेच संपे. तिच्यावर नजर होती महसुली अधिकाऱ्याची, आणि त्याचे डोळे साऱ्याच्या हप्त्यावर लागलेले. दारावर पोलीस. आत किती माणसे, किती दिवस, का, याचा वेगळा विचार करणारा माणूस त्या कचेरीत नव्हता. दारोगा नावाचा अधिकारी जिल्ह्याच्या तुरुंगात होता हे खरे. पण दारोगा असणे आणि राखण हा धंदा असणे यात फरक आहे. एका दारोग्याच्या हाताखाली चार पहारेकरी कमी पडले की काय करायचे याचे उत्तर इंग्रजी अमलाने शोधून ठेवलेले होते, आणि ते उत्तर सबंध देशाच्या तुरुंगांना पुढची शंभर वर्षे पुरले.

ते उत्तर म्हणजे कैद्यांनाच कैद्यांवर नेमायचे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम २३ ने अशा नेमलेल्या कैद्याला लोकसेवकाचा दर्जा दिला. आधी रात्रपहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर, अशी पायरीपायरीने बढती. बदल्यात शिक्षेत सूट, थोडी मोकळीक, वेगळा पट्टा किंवा टोपी. अंदमानात या पद्धतीचे सर्वांत भयंकर रूप दिसले. तिथे वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार सगळे कैद्यांतूनच निवडलेले, आणि राजकीय कैद्यांना कोलूला जुंपण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच हातून झाले. येरवड्याला १९२२ ते १९२४ या काळात गांधीजींवर जे वॉर्डर नेमले होते त्यांत आदन नावाचा एक सोमाली कैदी होता. त्याला विंचू चावला तेव्हा गांधीजींनी ते विष तोंडाने ओढून काढले, ही हकीकत पुष्कळांना माहीत असते. पण सुटकेनंतर ‘यंग इंडिया’त तुरुंगाचे अनुभव लिहिताना त्यांनी या कैदी-वॉर्डर पद्धतीवरही परखडपणे लिहिले होते, ते फारसे आठवले जात नाही. एका कैद्याला दुसऱ्या कैद्यावर सत्ता दिली की ती सत्ता विकली जाते, हा त्यांच्या निरीक्षणाचा रोख होता.

या टीकेला एक वजनदार हरकत आहे आणि ती टाळता येणार नाही. कैद्यावर भरवसा टाकणे, त्याला जबाबदारी देणे हाच तर सुधारणेचा पाया आहे, असे म्हटले जाते. पुरावा म्हणून स्वतंत्रपूरचे नाव घेतात. औंध संस्थानात १९३९ मध्ये, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ मोकळ्या माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. जायकवाडीच्या परिसरात पैठणला उभे राहिलेले खुले कारागृह त्याच विचाराचे. भिंत नाही, बेडी नाही, माणसे शेतात राबतात आणि पळून जात नाहीत. मग पहारेकऱ्यांच्या धंद्याची एवढी महती कशाला? पण स्वतंत्रपूर नीट पाहिले तर ते माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. तिथे एका कैद्याची दुसऱ्यावर सत्ता नव्हती. प्रत्येकावर स्वतःच्या कामाची आणि शब्दाची जबाबदारी होती, आणि त्यांच्यात राहणारा एक अधिकारी होता. त्याला दुसरे कोणतेच काम नव्हते. सारा वसूल करायचा नव्हता, गुन्ह्याचा तपास करायचा नव्हता. चित्रपटातला जेलर आपल्या मनात राहतो तो त्याच्या डोळ्यांच्या जरबेमुळे नव्हे. त्याने आपले सगळे आयुष्य त्या सहा माणसांवर लावलेले असते म्हणून. कैदी-वॉर्डर पद्धतीत मात्र राज्य आपली जबाबदारी कैद्यावर ढकलते आणि त्याला भरवसा असे नाव देते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

धाराशिवच्या दृष्टीने कसोटीचा काळ १९३८ ते १९४८ हा. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ऑक्टोबर ते डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह झाला. पाठोपाठ आर्य समाजाचा सत्याग्रह आला. त्याचे केंद्र जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेले सोलापूर, आणि तिथेच डिसेंबर १९३८ मध्ये बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली. उमरगा भागातल्या गुंजोटीला आर्य समाजाचे कार्यकर्ते वेदप्रकाश मारले गेले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आधी ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते, ती शाळाही याच जिल्ह्यातली. सत्याग्रहींच्या तुकड्यांमागून तुकड्या अटक करून घेऊ लागल्या आणि निजामाचे तुरुंग भरून वाहू लागले. चोर-दरोडेखोरांसाठी कसेबसे उभे असलेले मनुष्यबळ शिकलेल्या, हट्टी, आपले हक्क माहीत असलेल्या हजारो कैद्यांपुढे अपुरे पडणारच होते. उदगीरचे वकील भाई श्यामलाल त्याच डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात मरण पावले. आठवणी आणि चरित्रे वाचताना या काळातले तुरुंगाधिकारी कधी क्रूर, कधी दयाळू दिसतात. खालचा शिपाई बहुधा नावाशिवाय येतो, चिठ्ठी बाहेर पोचवणारा किंवा लाठी मारणारा म्हणून. दोन्ही गोष्टी तो करत होता आणि दोन्ही नियमाबाहेरच्या होत्या. नियमात बसणारे असे काही त्याला शिकवलेलेच नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरली आणि पाच दिवसांत निजामशाही संपली. सत्याग्रही सुटले. रझाकार आणि रझाकार समजले गेलेले पुष्कळ जण आत गेले. मुक्तीच्या आनंदात जे सांगायचे राहून जाते तेही सांगितले पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जो हिंसाचार झाला, त्यात सर्वांत जास्त पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता, असे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले, आणि तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. पुढचे वर्षभर राज्यात लष्करी गव्हर्नरचा अंमल होता. त्या दिवसांत कोणाला कोंडायचे आणि कोणाला सोडायचे हे बंदूकधारी माणसे ठरवत होती. कैद पुन्हा शिबंदीच्या हाती गेली होती, किल्ल्याच्या काळासारखी, आणि कैदी पुन्हा राजकारणातली सोंगटी झाला होता. निजामाचे तुरुंग वाईट होते म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही, कारण निजाम आता सत्तेवर नव्हता. न निजामाला, न त्यानंतरच्या कारभाऱ्यांना तुरुंगाला स्वतःचा माणूस देण्याची गरज वाटली होती.

सोलापूरची ‘सेटलमेंट’ जिल्ह्याच्या हद्दीपलीकडची असली तरी तिचा उल्लेख हवा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतल्या माणसांना काटेरी तारांच्या कुंपणात वसवले, रोज हजेरी लावली आणि गिरण्यांना मजूर पुरवले. इथे राखणदाराचा मतलब होता मजुरीचा. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा रद्द झाला, पण धाराशिव, लातूरकडच्या पारधी वस्तीत कुठे चोरी झाली की आधी कोण उचलला जातो, हे अजून सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन याच मुलखातून आले.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तुरुंगाला एका मोठ्या, स्वतंत्र खात्याची चौकट मिळाली. कारागृह शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, अधीक्षक अशी पदांची शिडी, येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयातले प्रशिक्षण, गणवेश, बदली, निवृत्तिवेतन. धाराशिवचे जिल्हा कारागृह या खात्याचे. हा बदल मी लहान मानत नाही. टाळेबंदी, झडती, मुलाकत, दवाखाना, अभिवचन रजा, संचित रजा, या प्रत्येक गोष्टीला वेळ आणि नोंदवही आहे, आणि नोंदवही असली की जाब विचारता येतो. पण उतरंडीची खालची पायरी या बदलातून सुटली. तहसील कचेरीला जोडलेली दुय्यम कारागृहे महाराष्ट्रात तहसीलदाराच्या अखत्यारीत राहिली. तहसीलदार हा तिथला पदसिद्ध अधीक्षक आणि दाराशी पोलीस गार्ड. सालारजंगाच्या जिलाबंदीतली कोठडी नाव बदलून उभी राहिली.

इथे कायद्यातला एक मूळ भेद पुसला जातो. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांत आपल्या कायद्याने मुद्दाम अंतर ठेवले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६७ असो की १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या संहितेचे कलम १८७, पोलिसांच्या ताब्यात आरोपी ठेवण्याला मोजकेच दिवस दिलेले आहेत. त्यानंतर तो न्यायालयाच्या ताब्यात, म्हणजे तपास करणाऱ्यांपासून दूर. पण तालुक्याच्या दुय्यम कारागृहात दार उघडणारा माणूस तपास करणाऱ्याच्याच खात्यातला. कागदावर कोठडी बदलली, किल्ली त्याच गणवेशाच्या कमरेला राहिली. यावर महसुली कारभाराचे जाणकार म्हणतात की तहसीलदार लोकांच्या जवळचा असतो, कैद्याचे नातेवाईक त्याला सहज भेटतात, छोट्या जागेला मोठे खाते कशाला? नातेवाइकांची सोय खरी आहे. तुळजापूरच्या माणसाला येरवड्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला जाण्यापेक्षा कचेरीत जाणे परवडते. पण पैसेवारी, निवडणूक, दुष्काळ, टँकर, पीकविमा आणि दाखले यांत बुडालेला तहसीलदार कोठडीकडे दिवसातून किती वेळ पाहू शकेल? त्याची माया मान्य केली तरी त्याचा वेळ कुठून आणायचा? कोठडी जवळ ठेवावी, राखणदार मात्र कारागृह खात्याचा असावा, यात विसंगती काहीच नाही.

सर्वांत गंभीर हरकत उरते. ज्यांचे काम फक्त कैद राखणे आहे, त्यांनीच कैद्यांना छळल्याची उदाहरणे काय कमी आहेत? १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा प्रकरणाचा दुसरा निकाल दिला, तो तिहारच्या एका वॉर्डरने पैशासाठी एका कैद्याचा केलेला छळ समोर आल्यामुळे. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये एक कैदी स्त्री मरण पावली. अंडी-पाव कमी आल्याची तक्रार केल्यावर कर्मचाऱ्यांनी तिला मारहाण केल्याचा आरोप झाला आणि कारागृहातल्या महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. हे सगळे खरे आहे, आणि धंदा स्वतंत्र झाला की क्रौर्य आपोआप संपते असा माझा दावा नाही. पण दोन्ही प्रकरणांत काय घडले ते पाहावे. कोणाचे तरी नाव आले, पद आले, खाते आले, खटला उभा राहिला. १७९१ मध्ये दाराशी असलेल्यांना कोणी काही विचारले नव्हते. शिवाय भायखळ्यात मेलेली स्त्री स्वतः कैदी-वॉर्डर होती. बराकीतल्या बायकांचे अन्न मोजून घेण्याची जबाबदारी तिच्यावर होती आणि ते मागण्याचा अधिकार तिला नव्हता. १८९४ च्या कलमाने लोकसेवकाचा दर्जा दिलेली ही जागा अजूनही तुरुंगातली सर्वांत असुरक्षित जागा आहे. ती भरून काढायला पगारी माणसे लागतात, आणि ती नाहीत.

ती का नाहीत, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने सहा कैद्यांमागे एक राखणदार असावा असे म्हटले. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा असताना ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले चारांतले तीन न्यायाधीन, म्हणजे कोणताच गुन्हा सिद्ध न झालेले. आणि मंजूर पदांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास रिकामी. माणूस कमी पडला की बराकीचा कारभार पुन्हा कैद्यांकडे जातो, आणि कैद्यांकडे गेला की तिथे जात जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या रीतीवरही बोट ठेवले. झाडणे-संडास कोणाकडे आणि स्वयंपाक कोणाकडे, हे वाटप बराकीत रोज प्रत्यक्ष कोण करतो? निकालाची अंमलबजावणी त्या माणसापाशी येऊन थांबते. तो प्रशिक्षित शिपाई असेल तर त्याला नव्या नियमाचा जाब विचारता येईल. तो स्वतः शिक्षा भोगणारा वॉर्डर असेल तर त्याला कोणता जाब विचारणार?

न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या समितीने १९८३ मध्ये तुरुंगांसाठी अखिल भारतीय सेवा असावी, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे आणि वेतनाकडे नीट पाहावे, असे सुचवले होते. ती सेवा झाली नाही, कारण तुरुंग हा राज्यांचा विषय आणि राज्यांना तो खर्चाचा वाटतो. धाराशिवसारख्या दुष्काळी, उत्पन्न कमी असलेल्या जिल्ह्यासाठी तर हे ऐकायला रास्तच वाटते. पण खर्चाचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. महाराने वतनात राखण केली तेव्हा खर्च त्याच्या पिढ्यांनी सोसला. अरबाने राखण केली तेव्हा देणेकऱ्याने सोसला. कैदी-वॉर्डर राखण करतो तेव्हा बराकीतले दुबळे कैदी सोसतात, आणि पोलीस राखण करतो तेव्हा न्यायाधीन आरोपी. फुकट राखण या जिल्ह्यात कधीच झालेली नाही. तालुक्यातल्या दुय्यम कारागृहांवरचा पोलीस गार्ड काढून तिथे कारागृह खात्याचे शिपाई, त्यात स्त्री शिपाईही, पाळीपाळीने नेमायचे आणि कैदी-वॉर्डरची पदे टप्प्याटप्प्याने बंद करायची, एवढी मागणी घेऊन जिल्ह्याचे आमदार विधानसभेत उभे राहिले, तर त्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागणार नाही. एक शासन निर्णय, काही पदे आणि अर्थसंकल्पातली एक ओळ लागेल.